एपीचा सव्वातीन तासांचा पेपर आणि त्यातली चार घड्याळं

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी पुण्यात राज्य मंडळातून दहावी झाली, मागच्या उन्हाळ्यात सगळे अमेरिकेत आले, आता ती अकरावीत आहे. मे महिन्यात ती एपी कॅल्क्युलस एबी, एपी फिजिक्स 1 आणि एपी यूएस हिस्टरी असे तीन पेपर देणार आहे. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट: हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, त्यांची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. दहावीला गणिताचे दोन भाग होते, प्रत्येकी 40 मार्कांचे, दोन-दोन तासांचे. इथे एकेक पेपर तीन ते सव्वातीन तासांचा. ‘एवढा वेळ एका जागी बसून सोडवायची तिला सवयच नाही. आत्तापासून रोज एक पूर्ण पेपर द्यायला बसवू का?’ असं त्यांनी विचारलंय.

रोज पूर्ण पेपर नका बसवू. मी इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गेली चौदा वर्षं एपी कॅल्क्युलस शिकवतेय, मधली काही वर्षं फिजिक्सही माझ्याकडे होतं. तीन तास बसवत नाही म्हणून पेपर बिघडलेली मुलं मी फार थोडी पाहिली. बिघडतं ते वेगळ्याच जागी, आणि भारतातून नुकत्याच आलेल्या हुशार मुलांचं तर हमखास तिथेच बिघडतं. त्या मुलांच्या डोक्यात ‘पेपर’ म्हणजे सलग तीन तास, एक प्रश्नपत्रिका, कुठूनही सुरुवात करा, अडलं तर पुढे जा, शेवटी परत या. एपीचा पेपर तसा नसतो. तो एकामागोमाग एक लावलेल्या छोट्या पेपरांचा असतो आणि प्रत्येक छोट्या पेपराचं घड्याळ वेगळं असतं.

कॅल्क्युलस एबीचंच बघा. मे 2025 ला रचना अशी होती: पहिल्या सेक्शनमध्ये 45 बहुपर्यायी प्रश्न. त्यातले 30 कॅल्क्युलेटरशिवाय, 60 मिनिटांत. मग 15 प्रश्न ग्राफिंग (आलेख काढून दाखवणारं) कॅल्क्युलेटर घेऊन, 45 मिनिटांत. त्यानंतर दहा मिनिटांची सुट्टी. दुसऱ्या सेक्शनमध्ये लिहून सोडवायचे सहा प्रश्न, त्यांना इथे एफआरक्यू म्हणतात. त्यातले पहिले दोन कॅल्क्युलेटरसह 30 मिनिटांत, उरलेले चार कॅल्क्युलेटरशिवाय 60 मिनिटांत. दोन्ही सेक्शनना निम्मं-निम्मं वजन. म्हणजे आधी दर प्रश्नाला दोन मिनिटं, मग तीन, मग एकदम पंधरा. शिवाय कॅल्क्युलेटर आधी नाही, मग आहे, सुट्टीनंतरही आहे, मग पुन्हा नाही. या चार तुकड्यांची बेरीज सव्वातीन तास. पण मुलीला एका वेळी सामोरं जायचंय ते एकाच तुकड्याला, आणि बहुपर्यायी सेक्शनची वेळ संपली की तिथल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, मुंबईहून आलेला, गणिताची जाण उत्तम. पहिल्या सराव पेपरात कॅल्क्युलेटरशिवायच्या 30 प्रश्नांपैकी तो 21 पर्यंत पोहोचला. 21 पैकी 20 बरोबर! त्याचा रफ कागद मी मागून घेतला. प्रत्येक प्रश्नाला ‘दिलेलं आहे’पासून सुरुवात, एकाखाली एक नीट पायऱ्या, शेवटी उत्तराला चौकट. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत शोभावा असा कागद. पण तो कागद कोणी तपासत नाही, बहुपर्यायी प्रश्नात मार्क फक्त निवडलेल्या पर्यायाला. उरलेले नऊ प्रश्न त्यानं वाचलेही नव्हते, आणि त्यातले निदान सहा त्याला सहज आले असते. त्याला बसण्याचा त्रास मुळीच नव्हता. सव्वातीन तास तो शांतपणे बसला होता.

याच्याच जोडीची दुसरी सवय म्हणजे प्रश्न कोरा सोडणं. आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांमुळे चुकीच्या उत्तराला मार्क कापतात हे मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. एपीतही पूर्वी चुकीच्या उत्तराला पाव मार्क जायचा, 2011 पासून ते बंद झालं. आता कोरा प्रश्न आणि चुकलेला प्रश्न दोन्ही सारखेच. त्यामुळे वेळ संपायला एक मिनिट उरलं की जे राहिलंय त्या सगळ्यांना काही ना काही पर्याय निवडून टाकायचा. मुलीला हे नुसतं सांगून भागत नाही, दोन-तीनदा प्रत्यक्ष करायला लावावं लागतं. हात कचरतो मुलांचा.

लांबीची भीती मनातून जावी म्हणून एक उदाहरण सांगते. फिजिक्स सी मेकॅनिक्स हा एपीचाच, पण फिजिक्स 1 पेक्षा वेगळा पेपर 2024 पर्यंत फक्त दीड तासाचा होता: 45 मिनिटांत 35 बहुपर्यायी, 45 मिनिटांत तीन एफआरक्यू. 2025 पासून तो तीन तासांचा झाला: 80 मिनिटांत 40 बहुपर्यायी, 100 मिनिटांत चार एफआरक्यू. वेळ दुप्पट झाल्याचं ऐकून माझ्या शाळेतले पालक घाबरले होते. पण हिशोब करा. आधी एका बहुपर्यायी प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या थोडं वर मिळायचं, आता पूर्ण दोन मिनिटं मिळतात. लिहायच्या प्रश्नाला आधी 15 मिनिटं, आता सरासरी 25. पेपर लांबला आणि मुलांना श्वास घ्यायला जागा मिळाली. उलट बाजूनं 2020 बघा. साथीच्या वर्षी एपीचे पेपर घरूनच, वह्या-पुस्तकं जवळ ठेवून, 45 मिनिटांत झाले. बहुपर्यायी प्रश्नच नव्हते, फक्त लिहायचे. वर्गातली सगळ्यात आनंदी मुलं त्या दिवशी परीक्षा संपल्यावर सगळ्यात गप्प होती. इतक्या छोट्या पेपरात एका प्रश्नावर अडलं की सावरायला दुसरं काही हाताशी नसतं. म्हणून एखाद्या परीक्षेचा अंदाज घेताना मी एकूण तास कधी बघत नाही. एका प्रश्नाला किती मिनिटं आणि एका मार्काला किती मिनिटं, एवढं काढते.

आता लिहायच्या भागाकडे येते. खरं शिकवणं इथे लागतं.

कॅल्क्युलसचा एक एफआरक्यू नऊ मार्कांचा आणि साधारण पंधरा मिनिटांचा, म्हणजे एका मार्काला पावणेदोन मिनिटंही नाहीत. हे नऊ मार्क उत्तरात सुटे-सुटे विखुरलेले असतात. समजा प्रश्न टाकीचा आहे. पाणी एका वेगानं आत येतंय, दुसऱ्या वेगानं बाहेर जातंय, दोन्ही वेगांची फंक्शनं दिली आहेत. पहिला भाग: पहिल्या आठ तासांत किती पाणी आत आलं? इथे शून्य ते आठ अशा मर्यादा घालून इंटिग्रल लिहिलं की एक मार्क, उत्तराला दुसरा. मुलं कॅल्क्युलेटरवर आकडा काढतात आणि नुसता आकडा लिहितात, पहिला मार्क गेला. काही जण कॅल्क्युलेटरवर जी बटणं दाबली तीच कागदावर उतरवतात. तेही चालत नाही, गणिताच्या नेहमीच्या चिन्हांतच लिहावं लागतं. दुसरा भाग: तिसऱ्या तासाला टाकीतलं पाणी वाढतंय की कमी होतंय? नुसतं ‘वाढतंय’ लिहिलं तर शून्य. त्या क्षणी आत येण्याचा वेग इतका, बाहेर जाण्याचा इतका, पहिला जास्त आहे म्हणून वाढतंय, एवढं एक वाक्य हवं. तिसरा भाग बहुतेक वेळा असा असतो: या आठ तासांत पाणी सगळ्यात कमी केव्हा होतं? दोन्ही वेग सारखे होतात ती वेळ मुलं बरोबर शोधतात, त्या क्षणी पाणी घटायचं थांबून वाढायला लागतं एवढंच दाखवतात आणि थांबतात. पण सगळ्यात कमी म्हणायचं तर शून्य तास आणि आठ तास या दोन्ही टोकांनाही किती पाणी आहे ते काढून तुलना करायला हवी, नाहीतर त्या वेळेपर्यंत पाणी सतत घटतं आणि नंतर आठ तासांपर्यंत सतत वाढतं हे तरी दाखवायला हवं. यातलं काहीच कागदावर दिसलं नाही की समर्थनाचा मार्क जातो, उत्तर बरोबर असलं तरी.

बोर्डातून आलेल्या मुलांचे दोन मोठे गैरसमज इथे दिसतात, एक तोट्याचा आणि एक फायदा न घेतल्याचा. तोट्याचा म्हणजे कॅल्क्युलेटरच्या प्रश्नात मधल्याच आकड्यांची दशांश स्थळं कापणं. शेवटचं उत्तर दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत बरोबर लागतं. मधला आकडा दोन स्थळांवर कापून पुढे वापरला की शेवट हमखास हलतो. मधले आकडे कॅल्क्युलेटरमध्ये साठवायची सवय तिला आजपासून लावा. दुसरा, अंकांत आलेलं उत्तर सोपं रूप देऊन लिहायचं बंधन इथे नाही. अपूर्णांकांची बेरीज तशीच सोडली तरी पूर्ण मार्क मिळतात. आपली मुलं मात्र छेद समान करून, संक्षेप करून, मुळं काढून दोन-दोन मिनिटं घालवतात आणि त्यात कधी बेरीज चुकली तर मिळालेला मार्कही गमावतात. पहिल्या भागातलं उत्तर चुकलं म्हणून पुढचं सगळं सोडून देणारी मुलंही मी पाहते. तसं करू नये. चुकलेला आकडा घेऊन पुढची रीत बरोबर केली तर पुढचे मार्क बहुतेक वेळा मिळतात, कारण जूनमध्ये पेपर तपासायला बसलेले शिक्षक प्रत्येक मार्क स्वतंत्र बघतात. मीही त्या टेबलावर बसले आहे. तिथे आपण मार्क शोधत असतो. पण कागदावर नसलेलं कोणी देऊ शकत नाही.

फिजिक्स 1 बद्दल थोडक्यात सांगते. 80 मिनिटांत 40 बहुपर्यायी, 100 मिनिटांत चार एफआरक्यू, आणि त्या चारांचे प्रकार ठरलेले: एक गणिती मांडणीचा, एक आलेख-आकृती-समीकरण यांची सांगड घालण्याचा, एक प्रयोग आखण्याचा, एक शब्दांतलं कारण आणि समीकरण जुळवण्याचा. एकूण 40 मार्क, म्हणजे एका मार्काला अडीच मिनिटं, कॅल्क्युलसपेक्षा निवांत. तिला जड जाईल तो प्रयोगाचा. दहावीच्या प्रयोगवहीत कृती छापलेली असते, निरीक्षणं भरायची असतात. इथे कृती तिनंच लिहायची: काय मोजणार, कशानं मोजणार, किती वेळा, आणि कोणत्या राशींचा आलेख काढला तर रेषा सरळ येईल. शाळेच्या लॅबमध्ये ती काय करते ते रात्री जेवताना तिला तुम्हाला समजावून सांगायला लावा. माझ्या अनुभवात हा उपाय कुठल्याही गाइडपेक्षा चांगला चालतो.

तुमच्या प्रश्नात कॅल्क्युलसची काळजी जास्त दिसते. मला मात्र यूएस हिस्टरीची वाटते.

हा पेपरही सव्वातीन तासांचाच, पण त्यात चार वेगवेगळी कामं आहेत. 55 मिनिटांत 55 बहुपर्यायी, त्यांना 40 टक्के वजन. 40 मिनिटांत तीन छोटी उत्तरं, 20 टक्के. मग डीबीक्यू म्हणजे सात ऐतिहासिक कागदपत्रं वाचून त्यांच्या आधारे लिहायचा निबंध, 25 टक्के. आणि शेवटी कागदपत्रांशिवायचा एक मोठा निबंध, 15 टक्के. डीबीक्यूला 60 मिनिटं सुचवलेली असतात, त्यातली पंधरा नुसती वाचायला. मोठ्या निबंधाला 40. फरक असा की हे दोन्ही निबंध मिळून 100 मिनिटं एकत्र दिलेली असतात, मधे कोणी थांबवत नाही. कॅल्क्युलसमध्ये घड्याळ तुम्हाला ढकलतं, इथे तुम्हीच घड्याळ सांभाळायचं. नव्यानं आलेलं मूल कागदपत्रांत गुंतून 80 मिनिटं घालवतं आणि शेवटच्या निबंधाला चार वाक्यं उरतात. माझ्या शेजारच्या वर्गात इतिहास शिकवणारी सहकारी मुलांना सांगते की 60 मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. डीबीक्यूच्या सात मार्कांपैकी एक मुख्य विधानाला, एक काळाच्या संदर्भाला, तीन पुराव्याला, दोन विश्लेषणाला. भाषेच्या सौंदर्याला वेगळा मार्क नाही, हे इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलांना मोठा दिलासा देणारं आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे पालकांचं लक्षच जात नाही. मे 2025 मध्ये 28 विषयांचे एपी पेपर ब्लूबुक या ॲपवर गेले. हिस्टरी पूर्णपणे संगणकावर, निबंधही टाइप करायचे. कॅल्क्युलस आणि फिजिक्स मिश्र पद्धतीचे: बहुपर्यायी स्क्रीनवर, लिहायचे प्रश्न स्क्रीनवर वाचायचे आणि उत्तर छापील पुस्तिकेत हातानं लिहायचं. पुण्यात दहावीपर्यंत सगळं पेननं लिहिलेल्या मुलीचा टाइपिंगचा वेग किती आहे, हे आज तपासा. मिनिटाला पंधरा-वीस शब्दांवर अडकत असेल तर इतिहास कितीही येत असो, 100 मिनिटांत दोन निबंध बसणार नाहीत. रोज वीस मिनिटं टाइपिंग, तेही इतिहासाचेच परिच्छेद, तीन महिन्यांत फरक पडतो. कॅल्क्युलसमध्ये डेस्मॉसचं कॅल्क्युलेटर ॲपमध्येच असतं. ते वापरायचं की स्वतःचं हातातलं, हे एकदा ठरवून दोन्ही सेक्शनना तेच वापरायची सवय करावी.

इथपर्यंतचं जोडून सांगायचं तर: कॅल्क्युलसमध्ये वेग बदलणं आणि पायऱ्या दाखवणं, फिजिक्समध्ये प्रयोग स्वतःच्या शब्दांत मांडणं, हिस्टरीत वेळ स्वतः वाटून घेणं आणि टाइप करणं. सरावही या पाच गोष्टींचा वेगवेगळा व्हायला हवा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तिला वाचनात किंवा एकाग्रतेत निदान झालेली अडचण असेल तर वाढीव वेळ मिळू शकतो. पण तो कॉलेज बोर्डाकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी शाळेच्या समन्वयकाशी पेपरांच्या कित्येक महिने आधी बोलावं लागतं. तिचे दोन पेपर एकाच दिवशी आले, एक सकाळी आणि एक दुपारी, तर लांबी हा खरोखरच प्रश्न होतो. मग सहा तासांची तयारी, मधलं खाणं-पिणं, सगळं वेगळं बघावं लागेल. दोन पेपर एकाच वेळेला आले तर त्यातला एक पुढच्या राखीव तारखेला देता येतो. ज्या कॉलेजांचा विचार आहे ती कोणत्या स्कोअरला क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय कॉलेजात झाल्यासारखा धरतात, हेही बघा. स्कोअर 1 ते 5 मध्ये येतो, काही कॉलेजं 3 ला देतात, काही 5 लाच, काही मुळीच देत नाहीत. हिस्टरीला क्रेडिट मिळणारच नसेल आणि मुलगी थकलेली असेल, तर कितीचा आग्रह धरायचा हे तुम्ही दोघांनी तिच्याशी बोलून ठरवा. आणि रचना अधूनमधून बदलते, तेव्हा तिच्या वर्षाचा आराखडा तिच्या शिक्षकांकडून एकदा ताडून घ्या.

आता वेळापत्रक. डिसेंबरपर्यंत पूर्ण पेपर एकही नको. आठवड्यातून तीनदा छोटं घड्याळ लावायचं: 20 मिनिटांत दहा बहुपर्यायी, किंवा 15 मिनिटांत एक एफआरक्यू. जानेवारी ते मार्च एकेक सेक्शन सलग, म्हणजे कॅल्क्युलसला 60 मिनिटं आणि लगेच 45, कारण त्या दोन वेगांमधला सांधा नेमका तिथे जाणवतो. एप्रिलमध्ये प्रत्येक विषयाचे दोनच पूर्ण पेपर, शनिवारी सकाळी आठला, मधे खरोखर दहा मिनिटांची सुट्टी घेऊन. त्या सुट्टीत फोन नाही, पाणी आणि थोडं खाणं. दोन पूर्ण पेपरांत बसण्याची सवय होते, माझ्या मुलांची दरवर्षी होते. रोज पेपर सोडवणाऱ्या मुलांकडे चुका बघायला वेळच उरत नाही. तीच चूक वीस पेपरांत वीस वेळा होते आणि पक्की होते.

या शनिवारी सुरुवात करायची असेल तर कॉलेज बोर्डाच्या साइटवरून कॅल्क्युलस एबीचा मागच्या कुठल्याही वर्षाचा एक एफआरक्यू आणि त्याचा गुणदानाचा तक्ता उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. पंधरा मिनिटं लावा, सोडवू द्या. मग तक्ता तिच्या हातात द्या, तुमच्या नाही, आणि वेगळ्या रंगाच्या पेननं तिचे नऊ मार्क तिलाच द्यायला सांगा. जो मार्क मिळाला नाही त्याच्यासमोर तो का गेला हे तिनं तीन-चार शब्दांत लिहावं: ‘कारण लिहिलं नाही’, ‘टोकं तपासली नाहीत’, ‘मधे आकडा कापला’. असे सहा प्रश्न झाले की ती यादी मला पाठवा, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.